एसटी येईपर्यंतचा तास: शाळा सुटल्यावरचा अभ्यास-क्लब कसा चालवावा

आमच्या शाळेची शेवटची घंटा पाच वाजता होते आणि वाड्यावस्त्यांकडे जाणारी एसटी सहा वाजून दहा मिनिटांनी येते. मधला वेळ वीस-बावीस मुलंमुली स्टँडच्या शेडमध्ये बसून काढतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणी त्या पासावर दहावीपर्यंत पोचल्या. पण पास हातात असला तरी गाडी तिच्या वेळेलाच येणार.

मी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी स्कूटर पंक्चर झाली म्हणून मीही त्या शेडमध्ये थांबले होते. एका मोबाइलभोवती सहा डोकी गोळा झालेली. त्यांच्याकडे पाठ करून नववीतली एक मुलगी विज्ञानाच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करत होती. रेंज येत-जात होती. व्हिडिओ उघडला तेवढ्यात गाडी लागली. तिने मोबाइल भावाच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि चढली. आमचा क्लब त्या संध्याकाळनंतर सुरू झाला. तुम्हाला असा क्लब काढायचा असेल, मग तुम्ही शिक्षक असा, पालक असा किंवा गावातले कॉलेजला जाणारे ताई-दादा असा, तर करता करता मला जे कळलं ते इथे लिहिते.

वेळ आधी, विषय मागाहून

सगळ्यात आधी एसटीचं वेळापत्रक समोर घ्या. विषय, साहित्य, क्लबचं नाव, सगळं त्यानंतर. आम्ही बुधवार ठरवला, कारण बाकीच्या दिवशी दहावीचे जादा तास असतात. सव्वापाचला सुरू, पाच पन्नासला वही बंद, सहाला मुलं स्टँडवर. पहिल्या वर्षी एकदा प्रयोग रंगला आणि माझं घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही. चार मुलींची गाडी चुकली. शिपाईमामांनी आणि मी दोन-दोन खेपा करून त्यांना घरी सोडलं. पुढच्या बुधवारी त्यातली एक आली नाही; वडिलांनी नको म्हटलं होतं. मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली, तेव्हा ती परत यायला लागली. तेव्हापासून घड्याळ सांभाळायचं काम दर बुधवारी एका मुलाकडे किंवा मुलीकडे असतं. तिने 'वेळ झाली' म्हटलं की माझं वाक्य अर्धं राहिलं तरी चालतं.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: वार, वेळ, खोली आणि कोणते शिक्षक थांबणार. पालकांना चिठ्ठी पाठवून सही घ्या. त्या चिठ्ठीत 'जादा तास' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. तो शब्द आला की पालक विचारतात, टेस्ट कधी, मार्क किती वाढणार. शिवाय ज्या मुलांना गणिताची धास्ती आहे ती दारातूनच मागे फिरतात, आणि मला तर तीच मुलं हवी असतात. फी अजिबात घेऊ नका, वर्गणीसुद्धा नको.

आणखी एक. द्राक्षाचा हंगाम आला की काही मुली शाळेतून थेट बागेत आईच्या मदतीला जातात. नोव्हेंबरपासून ऊसतोड कुटुंबांतली मुलं वर्गात येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की जातात. म्हणून क्लबला 'पूर्ण वर्षाची हजेरी' अशी अट घालू नका. मधूनच आलेल्या मुलाला त्याच दिवशी काम मिळालं पाहिजे.

प्रश्नवही

पहिल्या वर्षी मी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला आणि रोज दोन-तीन लिंक पाठवत गेले. दोन महिन्यांनी एक आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या अभ्यासाच्या नावाखाली पोरगं रात्री अकरापर्यंत मोबाइल सोडत नाही." मी मुलाची वही मागितली. वही कोरी होती. चांगल्या लिंका पाठवणं म्हणजे मदत, अशी माझी तोवरची समजूत होती. ती त्या कोऱ्या वहीने मोडली.

आता आमचा एकच नियम आहे: मोबाइल हातात घेण्याआधी प्रश्न वहीत लिहायचा. आधी वही, मग मोबाइल. क्लबची एक दोनशे पानी वही असते, तिला आम्ही प्रश्नवही म्हणतो. डाव्या पानावर प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव आणि तारीख. उजव्या पानावर उत्तर, ते कुठे सापडलं आणि आपण करून पाहिलं का. तीन ओळी आल्या तरी पुरे.

प्रश्न लिहायला शिकवावं लागतं, आणि याच कामाला सर्वात जास्त वेळ द्या. 'वीज म्हणजे काय' असा प्रश्न आला की मी विचारते, तुला हे कुठे दिसलं? मग हळूहळू बाहेर येतं: 'दिवाळीच्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ का जाते?' हा पस्तीस मिनिटांत सुटणारा प्रश्न. 'अवकाश' मोठं, पण 'अमावस्येला चंद्र कुठे जातो' हे बरोबर मापाचं. मूल जितकं घराजवळचं विचारतं तितकं ते नेटवर कमी भरकटतं. एकट्या मुलाला मोबाइल देऊन बसवलं की ते पाचव्या मिनिटाला दुसरीकडे जातं. मोठी माणसंही जातात. चौघांत एक मोबाइल, समोर लिहिलेला एक प्रश्न आणि उत्तर लिहायची जबाबदारी एकीकडे, असं असलं की तीच मुलं एकमेकांना वळणावर आणतात. चौघांपेक्षा मोठा गट मात्र करू नका. पाचवं मूल नुसतं बघत बसतं.

कोणत्या प्रश्नाला कुठे जायचं

शाळेतली रेंज भरवशाची नाही, म्हणून मी मंगळवारी रात्री घरी सगळं उतरवून ठेवते. तुम्हीही हेच करा. क्लबमध्ये बसून गोल फिरणारं चक्र बघण्यात पंधरा मिनिटं गेली की तो बुधवार गेला.

पाठ्यपुस्तकाचा प्रश्न असेल तर पहिली जागा पाठ्यपुस्तकच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. आठवीचं पुस्तक रद्दीत गेलेलं असतं आणि नववीत नेमकं त्याचंच अडतं, तेव्हा ती पीडीएफ कामाला येते. पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि त्यातलं बरंचसं आधी डाउनलोड करून ठेवता येतं. स्टँडवरच्या त्या मुलीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

मराठीत सविस्तर वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश. तो आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. सगळे खंड आज ऑनलाइन, फुकट वाचता येतात. भाषा जड आहे, पण एक नोंद चौघांनी मिळून वाचली की कळते, आणि मुलांना 'अपवर्तन', 'विभवांतर' हे शब्द परीक्षेबाहेरही भेटतात. फक्त एक सांभाळा: काही नोंदी जुन्या आहेत. प्लूटो २००६ पासून ग्रहांत धरला जात नाही, त्याआधीच्या लिखाणात तो ग्रह असणारच. आमच्या मुलांना अशा जागा शोधायला फार आवडतात. सापडली की प्रश्नवहीत तारखेसह लिहायची.

विज्ञानाचा प्रयोग पडद्यावर करून बघायचा असेल तर 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. नववीच्या धाराविद्युतसाठी त्यातला विद्युत परिपथाचा प्रयोग घ्या. मुलं बल्ब एकसर जोडतात, मग समांतर जोडतात, आणि कोणीतरी सेलची दोन टोकं थेट तारेने जोडतंच. पडद्यावर ज्वाळा येतात. येऊ द्या. शॉर्ट सर्किट या शब्दाला त्या दिवशी अर्थ येतो. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच बुधवारी टॉर्चचे दोन छोटे बल्ब, दीड व्होल्टचे दोन सेल आणि वायरचे तुकडे टेबलावर ठेवा. पडद्यावरचा बल्ब नेहमी लागतो, टेबलावरचा वायरचं टोक नीट सोललेलं नसेल तर लागत नाही, आणि तिथे खरं शिकणं होतं.

भूमितीला जिओजेब्रा हे ॲप घ्या, तेही मोफत आहे. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणात अर्धवर्तुळातला आंतरलिखित कोन काटकोन असतो हे प्रमेय मुलं पाठ करतात. जिओजेब्रात वर्तुळावरचा बिंदू बोटाने सरकवला आणि कोन ९० वरून हलेचना, तेव्हा एका मुलाने मला तीनदा विचारलं, "मॅडम, बिघडलंय का?" मी म्हटलं, "आता सिद्धता काढ, मग कळेल बिघडलंय की नाही." त्याने काढली.

अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ तर घरातल्या कपाटासारखं वापरा. आयआयटी कानपूरला शिकलेला, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेला हा माणूस आयुष्यभर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवत आला. तिथे मराठी पुस्तकंही मोफत आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण आणि चौकोन करा: चौकोन डुगडुगतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडचं छप्पर पेलणाऱ्या कैच्यांत त्रिकोण का असतात, ते मुलं मग स्वतः येऊन सांगतात.

आता एआय. मुलं वापरतात, आपण नाही म्हटलं तरी वापरतात. गेल्या वर्षी एकाने त्याला विचारून लिहून आणलं की ताकारी उपसा सिंचन योजनेचं पाणी वारणा नदीतून येतं. त्याच्याच घरच्या उसाला ताकारीचं पाणी आहे आणि ते कृष्णेचं आहे. मी काही बोलले नाही, वही त्याच्या आजोबांना दाखवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी वहीत वारणा खोडून कृष्णा लिहिलेलं होतं, खाली आजोबांची सही. तेव्हापासून क्लबात ठरलंय: एआयचं उत्तर दुसऱ्या एका ठिकाणी तपासल्याशिवाय उजव्या पानावर लिहायचं नाही. दुसरं ठिकाण म्हणजे पुस्तक, विश्वकोश, प्रयोग किंवा जाणतं माणूस.

मुलांचं पूर्ण नाव, शाळा, मोबाइल नंबर आणि फोटो कुठल्याही ॲपमध्ये भरू देऊ नका. खातं काढावंच लागलं तर ते शिक्षकांच्या किंवा पालकांच्या नावाने काढा.

एक बुधवार: आवाजाचा वेग

कसं चालतं ते दिसावं म्हणून एक बुधवार सविस्तर सांगते. प्रश्न नववीतल्या मुलाचा होता: 'लांब शेतात कुऱ्हाड आधी दिसते आणि आवाज मागून येतो. किती मागून?' नववीला 'ध्वनीचा अभ्यास' हा धडा आहेच. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात बनवलेलं. ते मोबाइलमधले सेन्सर मोजमापासाठी वापरू देतं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: एका टाळीला सुरू होतं, दुसऱ्या टाळीला थांबतं.

व्हरांड्यात टेपने १० मीटर मोजून खडूने दोन रेघा मारल्या. दोन्ही रेघांवर एकेक मोबाइल आणि एकेक मूल. पहिल्याने टाळी वाजवली की त्याच्याजवळचं घड्याळ लगेच सुरू होतं. दुसरं जरा उशिरा, कारण आवाजाला तिथवर जायचं असतं. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. त्याचं घड्याळ लगेच थांबतं, पहिलं उशिरा. म्हणजे दोन घड्याळांतला फरक हा आवाजाला जाऊन-येऊन २० मीटर कापायला लागलेला वेळ. हे समजावण्यात पाऊण बुधवार गेला आणि तो जाऊ दिला. शेवटी एका मुलीने फळ्यावर दोन रेघा काढून सगळ्यांना पटवलं. माझ्यापेक्षा तिचं सोपं होतं.

तीन वाचनं आली: ०.०६१, ०.०५६ आणि ०.०५८ सेकंद. सरासरी साधारण ०.०५८. वीस भागिले तेवढे, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या वर थोडं. वीस अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो. व्हरांड्यातून जो आरडाओरडा झाला तो ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले. त्यांना आकडे दाखवले तर त्यांनी स्वतः एक टाळी वाजवून पाहिली.

मापन करताना आजूबाजूला शांतता हवी, नाहीतर घड्याळ कशानेही सुरू होतं. आमचं दोनदा हॉर्नने सुरू झालं. ॲपमध्ये आवाजाची मर्यादा वाढवता येते, ती थोडी वर ठेवा.

आठवीची मुलं आणि दोन अर्ज

आठवीत असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीबद्दल सांगा. सातवीत किमान ५५ टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित, असं असेल तर परीक्षेला बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आमच्याकडे एका घरात या पैशांवर मुलीची अकरावी झाली. आपल्याकडे परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, प्रत्येकी ९० मिनिटं: एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. क्लबात यासाठी आम्ही वेगळं काही शिकवत नाही. जून ते नोव्हेंबर दर बुधवारी शेवटची सात मिनिटं जुन्या प्रश्नपत्रिकेतले सात प्रश्न सोडवतो, एका मिनिटाला एक. वेगाची सवय लागते. उत्पन्नाचा दाखला मात्र आधी काढून ठेवायला सांगा. ऐन वेळी धावपळ होते.

दुसरा अर्ज इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या योजनेचा. सहावीपासूनच्या मुलांच्या नवीन कल्पना शाळेने ऑनलाइन पाठवायच्या, एका शाळेतून पाच. निवडल्या गेलेल्या मुलाच्या खात्यात मॉडेलसाठी १०,००० रुपये येतात. कल्पना कुठून आणायच्या, असं शिक्षक विचारतात. प्रश्नवही उघडा, वर्षभरात त्यात दहा तरी असतात.

घरी, सात ते साडेआठ

आमच्यापासून फार लांब नाही, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. तुमच्या गावात भोंगा नसला तरी एका घरात हे करता येतं. मी पालकांना एवढंच म्हणते: त्या दीड तासात मूल जे लिहील त्यातलं अडलेलं वेगळ्या कागदावर उतरवून ठेवू दे, आणि साडेआठनंतर तो कागद हातात धरून वीस मिनिटं मोबाइल. कागद नाही तर मोबाइल नाही. ज्या घरात आजी हे सांभाळते तिथे सर्वात नीट चालतं, हा माझा अनुभव.

क्लब खोलीबाहेर न्या

महिन्यातून एकदा तरी. नोव्हेंबरची ५ ते १२ तारीख हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्यात एका सकाळी आम्ही सागरेश्वर अभयारण्यात जातो. मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं. ते सुचवेल ते लगेच मानायचं नाही, पक्षी डोळ्यांनी दिसला तरच वहीत.

पण मला विचाराल तर आकाशाचा प्रयोग सर्वात आधी करा. कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरून त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याच्या टोकाला नट. सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा. नळीतून ध्रुवतारा पाहायचा आणि दुसऱ्याने दोरा कुठे आला ते वाचायचं. ९० आणि तो आकडा यांतला फरक म्हणजे ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची. ध्रुव शोधायला डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी शर्मिष्ठा या तारकासमूहाची मदत होते, उन्हाळ्यात सप्तर्षींची. सापडत नसेल तर स्टेलेरियम हे मोफत ॲप दाखवतं. आलेली उंची साधारण आपल्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. पलूसचा अक्षांश १७ अंशांच्या आसपास. आमच्या मुलांना १५, १९, १८, १६ असे आकडे आले. सरासरी काढली, १७. भूगोलाच्या नकाशावरची आडवी रेघ अंगणात उभं राहून मोजता येते, हे त्यांना त्या रात्री कळलं.

त्या गटात बीडकडची एक मुलगी होती, आईवडील इकडे ऊसतोडीला आलेले. मार्चमध्ये गाडी भरून गावी निघाली तेव्हा तिने तो कोनमापक मागून नेला. एप्रिलमध्ये तिच्या मामाच्या नंबरवरून मला एक फोटो आला, वहीच्या पानाचा. पाच रात्रींचे पाच आकडे, खाली सरासरी आणि त्याखाली एक ओळ: 'मॅडम, तिकडं १७ आलं होतं, इथं १९ येतंय. माझं चुकलं का?'

मी तो फोटो छापून घेतला आणि प्रश्नवहीच्या डाव्या पानावर चिकटवला. जूनच्या पहिल्या बुधवारी मुलांनी नकाशा आणि पट्टी काढली, बीडचा अक्षांश पाहिला, दोन अंशांना किलोमीटर किती ते शोधलं आणि उजव्या पानावर लिहिलं: 'चुकलं नाही. तू आमच्यापेक्षा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला आहेस.' पानाचा फोटो काढून त्याच नंबरवर पाठवला.